आकडा जुना, कौल नवे

तुमच्या शाळेतल्या संगणकावर डेबियन ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली असेल, तर एखादा जाणता तरुण कधीतरी म्हणेलच, "गुरुजी, यातले सगळे जुने आहे हो! याच्या कितीतरी पुढच्या आवृत्त्या निघाल्या." झाले! गुरुजींच्या मनात धास्ती बसते.

पण आकडा जुना म्हणजे यंत्र उघडे पडले, असे नव्हे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते आणि निघताना तिच्यातल्या बहुतेक प्रोग्रामांचे आकडे मुद्दाम गोठवतात. पुढे भोक सापडले, तर तेवढीच दुरुस्ती जुन्या प्रोग्रामाला बसवतात. पावसाळ्याच्या तोंडी एखादे कौल फुटलेले दिसले, तर आपण तेवढेच बदलतो. आढे उतरवत नाही. आढे उतरवले म्हणजे भिंतीही हलतात, आणि मग कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज रुसून बसतो.

एप्रिल २०१४ मधली गोष्ट सांगतो. संगणकांमधले बोलणे गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामात 'हार्टब्लीड' नावाचे भोक सापडले. दूर बसलेल्या कोणालाही सर्व्हरच्या स्मृतीतले, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचे, तुकडे ओढून घेता येत. त्यांत परवलीचे शब्दही सापडू शकत. मूळ कर्त्यांनी १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती काढली. डेबियन ७ मध्ये होती १.०.१ई. डेबियनवाल्यांनी 'ई' तशीच ठेवली, तिलाच ठिगळ लावले आणि नावामागे 'डेब७यू५' अशी शेपटी जोडली. नुसता 'ई' पाहणारा घाबरणार; शेपटी वाचणाऱ्याला कळणार, की भोक बुजले आहे. आणि गंमत पाहा, त्याहून जुन्या डेबियन ६ मध्ये हे भोक नव्हतेच! ते २०१२ साली नव्या १.०.१ बरोबरच आले होते.

फायरफॉक्स मात्र अपवाद. त्याला जुन्या जागी ठिगळे लावणे फार जिकिरीचे, म्हणून त्याची नवी आवृत्तीच देतात.

आता ही ठिगळे तुमच्या यंत्रापर्यंत पोचायला हवीत, बरे का! 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा नुसती यादी आणते. प्रत्यक्ष दुरुस्ती बसते ती 'ॲप्ट अपग्रेड' या आज्ञेने. पहिली देऊन थांबणारे पुष्कळ आहेत.

शिवाय ठिगळांनाही मुदत असते, मोफत मिळणारी सारी धरून सुमारे पाच वर्षे. डेबियन १० ची मुदत जून २०२४ मध्ये संपली. शाळेत तीच असेल, तर त्या तरुणाला खुशाल बोलवा, चहा पाजा आणि नवी स्थिर आवृत्ती बसवून घ्या. मुलांच्या फायलींची प्रत तेवढी आधी काढून ठेवा.