साहेबाला वाट कोणी दाखवली?

मागच्या भागानंतर खूप जणांनी विचारलं, तू नक्की कुठला? तर मी लोणारचा. जिल्हा बुलढाणा. हो, तेच उल्केचं विवर.

दिवाळीत घरी गेलो होतो. बाबा पर्यटकांना खाली सरोवरापर्यंत घेऊन जातात, त्यांच्यासोबत मीही उतरलो. शहरातले दोघं होते. अर्ध्या वाटेत एकजण बाबांना म्हणतो, "काका, माहितीये का, ह्याचा शोध १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला. तुम्हा लोकांना किंमतच नव्हती हो."

बाबा चालता चालता म्हणाले, "असंन. पन त्या सायबाले खाली उतराची वाट कोनं दाखोली असंन?"

आता बघा ना. आमच्याकडे लवणासुराची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लवण म्हणजे मीठ. त्याला मारणाऱ्या विष्णूचं, दैत्यसूदनाचं, कोरीव मंदिर गावात उभं आहे. खाली सरोवराच्या काठाने जुनी देवळं आहेत, ती काय साहेबाने बांधली? अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केलीय, की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. म्हणजे इथल्या खाराचा तेव्हाही बोलबाला होता. मग १८२३ ला शोध कसला लागला? इंग्रजांच्या वहीत नाव चढलं, एवढंच.

उल्केमुळे झालं हे मात्र आम्हाला खरंच माहीत नव्हतं. ते १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी खडकांच्या पुराव्यानिशी दाखवलं. त्याचं श्रेय त्यांचंच.

पण माझी गोष्ट पुढे आहे. मी त्या दोघांना खडकांबद्दल सांगायला लागलो. एकदम पुणेरी मराठीत. हॉस्टेलवर माझ्या 'कायले'ला पोरं हसायची, तेव्हापासून घोटून घोटून कमावलेली. तो माणूस म्हणाला, "तुम्ही इथले वाटत नाही हं!"

आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. मी "थँक्यू" म्हणालो.

बाबा दोन पावलं पुढे होते. ते माझे वडील आहेत, हेसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही.

वर येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "चा नव्या कपात दे वं. पुन्याचे पाव्हने हायेत."

घरात आम्ही तिघंच होतो.