वेळेची चौकट कोण आखतो?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कामाच्या वेळेचा प्रश्न कामगार चळवळीइतकाच जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा साप्ताहिक सुट्टीची मागणी अग्रभागी होती. १८९० साली ती मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हे सारे लढे गिरणीच्या भोंग्याशी निगडित होते. भोंगा सर्वांना एकाच वेळी ऐकू येई आणि त्याची वेळ बदलली तर ती सर्वांना कळे. आज एसी, लिफ्ट, केबल वा पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दुरुस्त करीत घरोघर फिरणाऱ्या तंत्रज्ञाचा भोंगा त्याच्या मोबाईलमध्ये आहे, आणि तो प्रत्येकासाठी निराळा वाजतो.

या व्यवस्थेचे अंतरंग समजून घेतल्याखेरीज तिच्याशी वाटाघाटी करता येणार नाहीत. तक्रार नोंदली गेली की संगणकाला चार गोष्टी सांगितल्या जातात: काम लवकरात लवकर केव्हा सुरू करता येईल, ते केव्हापर्यंत पूर्ण झालेच पाहिजे, कोणत्या वेळेत माणूस येईल असे ग्राहकाला सांगितले आहे, आणि कामाला किती मिनिटे लागतील. त्यांत अंतर, कौशल्य आणि व्यवस्थापनाने ठरविलेले अग्रक्रम मिळवून संगणक दिवसाचा आराखडा तयार करतो. हे गणित जुनेच आहे. पेट्रोल पंपांना इंधन पोचविणाऱ्या टँकरांचे मार्ग कसे आखावेत, यावर डँट्झिग आणि रॅमसर यांनी १९५९ साली निबंध लिहिला. तेथून ही विद्या वाढली. तिच्यामुळे व्यर्थ फेरे टळत असतील आणि इंधन वाचत असेल, तर तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु गणित सुरू होण्यापूर्वी त्यात घातले जाणारे आकडे कोण ठरवितो, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम चौकटीची रुंदी पाहा. समजा, एका तंत्रज्ञाला दिवसात सहा घरी जायचे आहे. प्रत्येक ग्राहकाला चार तासांची चौकट दिली, तर सहा घरे मिळून चोवीस तासांपर्यंत कोणीतरी वाट पाहत अडकून पडते, आणि हे 'कोणीतरी' बहुधा घरातील स्त्री असते. तिचा वेळ कोणाच्याच ताळेबंदात येत नाही. चौकट एका तासाची केली, तर प्रतीक्षा सहा तासांवर येते. पण घरांचा क्रम लावण्याची मोकळीक आटते, फेरे वाढतात, अधिक माणसे लागतात. माणसे वाढविली नाहीत, तर तो भार तंत्रज्ञाच्या जेवणाच्या सुट्टीवर आणि रस्त्यावरील वेगावर पडतो. तात्पर्य, प्रतीक्षेचा खर्च नाहीसा होत नाही. जो दुर्बल असेल त्याच्याकडे तो सरकविला जातो.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एखादे काम अपेक्षेपेक्षा अर्धा तास आधी आटोपले, तरी पुढील ग्राहकाची चौकट दहाला उघडत असेल तर दहापूर्वी त्याच्या दारात जाता येत नाही. वाचलेला वेळ तेथेच जिरतो. उलट अर्धा तास उशीर झाला, तर तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरापर्यंत पोचतो. बचत साठत नाही. तूट मात्र साठत जाते. म्हणून कामाची सरासरी वेळ अगदी अचूक धरली, तरी मध्ये मोकळी वेळ ठेवली नसेल तर दिवसाच्या शेवटी उशीर व्हावयाचाच. तो आराखड्यातच असतो. पण ग्राहकाचा रोष आणि खालावलेली गुणनोंद तंत्रज्ञाच्या नावे जमा होते.

तिसरी गोष्ट कामाच्या मिनिटांची. ती पुष्कळदा मागील नोंदींच्या सरासरीवरून ठरतात. उशीर भरून काढण्यासाठी कामगार घाई करतो, नोंद कमी मिनिटांची होते, आणि उद्याचा आराखडा ती घाईच नियम मानतो. उक्त्या मजुरीचा हाच अनुभव कामगारवर्गाने पूर्वी घेतला आहे. शास्त्रीय व्यवस्थापनावरील टेलरचा ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. त्या पद्धतीतील घड्याळ निदान समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिसत तरी होते.

याला पर्याय नाही काय? आपल्याच देशात आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार राज्य नियामक आयोग वीज सेवेची मानके ठरविते आणि ती मोडल्यास ग्राहकाला भरपाई मिळते. नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. ही पद्धत निर्दोष नाही, आणि तारतंत्रींच्या श्रमाचा विचार तीत पुरेसा होत नाही. परंतु वेळेची मर्यादा हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, हे तत्त्व तीत मान्य झालेले आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांचे अस्तित्व मान्य केले, पण ते कल्याणकारी योजनांपुरते. त्यांच्या कामाच्या तासांचा प्रश्न तीत सुटत नाही. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने प्लॅटफॉर्म कामगारांना स्वयंचलित निर्णयपद्धतीची माहिती देण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने अशा निर्णयांवर मानवी देखरेख आवश्यक ठरविली. महाराष्ट्राने यामागे राहण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. कामाची मिनिटे आणि अग्रक्रम संघटनेशी वाटाघाटी करून ठरावेत. प्रवासाचा आणि सक्तीच्या प्रतीक्षेचा वेळ कामाचा वेळ धरला जावा. आराखड्यात मोकळी वेळ आणि जेवणाची सुट्टी राखून ठेवावी, व तीत काम घुसविता येऊ नये. आराखड्यातूनच उद्भवलेल्या उशिराबद्दल दंड वा वाईट नोंद नसावी. तक्रार ऐकण्यास माणूस असावा. आणि ग्राहक संघटनांना आपण बरोबर घेतले पाहिजे, कारण दाराच्या आत वाट पाहणारी स्त्री आणि दाराबाहेर धापा टाकीत पोचणारा तंत्रज्ञ यांचा वेळ एकाच आराखड्याने खर्ची टाकलेला असतो. त्या दोघांनी एकमेकांवर चिडावे, यात व्यवस्थापनाची सोय आहे; त्यांनी मिळून आराखडा दाखवा म्हणावे, यात आपले काम आहे.