खोक्यावरचं ओरिजिनल

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी दोन वस्तू पहिल्या रांगेतून मागे पाठवतो. दोन्ही डिस्ट्रिब्युटरचे रोटर आहेत, म्हणजे आपल्या मिस्त्रींच्या डेल्कोतले. अंगठ्याएवढा तुकडा, वर पितळेची पट्टी. यातला ओरिजिनल कोणता, डुप्लिकेट कोणता, ते हाताळून ठरवा आणि मला परत करा. हे प्रसादवाटप नाही. (हशा)

अध्यक्षांनी मला जुन्या गाड्यांचा तज्ज्ञ करून टाकलं. मी टूलरूममधला माणूस. आयुष्य मायक्रोमीटर फिरवण्यात गेलं. गाडी एकच, 1958 सालची एमजीए, दोन सीटांची, आणि तीही बहुतेक वेळ जॅकवर असते. तिसऱ्या रांगेत आमच्या सौभाग्यवतींनी मान डोलावली, ती तुम्ही पाहिलीच.

एमजीएचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. ॲबिंग्डनचा कारखाना, 1955 ते 1962, एक लाखावर गाड्या, त्यांतल्या सहा हजारसुद्धा इंग्लंडात विकल्या गेल्या नाहीत, बाकी सगळ्या बाहेर. त्यात वेळ घालवत नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की ओरिजिनल हा शब्द खोक्यावर छापलेला असतो, पार्टात नसतो. पार्टात माप असतं आणि माल असतो. ॲबिंग्डनला गाड्या मुख्यतः जोडल्या जात. कार्ब्युरेटर एसयूचे, वायरिंग आणि डेल्को लुकासचा, ब्रेक लॉकहीडचे, मीटर स्मिथ्सचे. इंजिन बीएमसीचं, 1489 सीसी. आणि मंडळी, त्याच घराण्याच्या, त्याच 1489 सीसीच्या इंजिनामागे तुम्ही सगळे बसलेले आहात. आपली ॲम्बॅसडर! एक भाऊ दोन कार्ब्युरेटर लावून शर्यतीला गेला, दुसरा टॅक्सीला लागला.

ओरिजिनलची फारच भक्ती असेल, तर ट्विन कॅमकडे बघा. हीसुद्धा एमजीएच, पण इंजिन वेगळं, 1588 सीसी, कॉम्प्रेशन 9.9. कारखान्यातून आलेले, शंभर नंबरी ओरिजिनल पिस्टन, आणि चालत्या गाडीत त्यांच्या माथ्याला भोकं पडायची. शेवटी कारखान्यानेच कॉम्प्रेशन 8.3 वर आणलं. तोवर नाव जायचं ते गेलं. 2,111 गाड्या झाल्या आणि 1960 मध्ये दुकान बंद. आता त्या गाडीत कुणी बाहेरचे, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन घातले, तर तो पाखंडी की शहाणा?

काय म्हणालात? मागून प्रश्न आला, मग गाडीत ओरिजिनल उरलं काय? अहो, मिरजेचा तंबोरा असतो. तारा दरवर्षी बदलता, जवारी काढून घेता, खुंटी सैल झाली तर नवी बसवता. तेव्हा कुणी विचारतं का, तंबोरा ओरिजिनल आहे का म्हणून? सूर लागतो की नाही, एवढंच विचारतात.

आता रोटरची गोष्ट. खरं तर ती दोन मिनिटांची आहे. साताऱ्याला निघालो होतो, खंबाटकीच्या चढावर गाडी बंद पडली. वीस मिनिटं थांबलो, इंजिन निवलं, लगेच सुरू झालं. अर्धा किलोमीटर गेलो, पुन्हा बंद. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, प्लग काढून पुसले. अंधार पडला. शेवटी गाडी उताराला लावून खाली खंडाळ्यापर्यंत आणली. तिथे एका टपरीजवळ म्हातारे मिस्त्री बसले होते, जन्मभर ॲम्बॅसडर टॅक्सीवर काम केलेले. बॉनेट उघडल्यावर हसले. “साहेब, हे तर आमचंच हाय की!”

त्यांनी डेल्कोचं झाकण काढलं. कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळेपासून जरा वर धरली आणि मला म्हणाले, “मारा स्टार्टर.” ठिणगी उडाली. मी म्हटलं, वा, करंट चांगला आहे. “चांगला कसला? रोटर पितोय त्यो.” बरोबर होतं त्यांचं. रोटर धड असेल तर ठिणगीला तिथून पुढे वाटच नसते. ती उडते याचा अर्थ ती प्लॅस्टिकमधून खालच्या शाफ्टमध्ये उतरते आहे. गार असताना धरून ठेवतो, तापला की सोडतो. आणि तो रोटर मी महिन्यापूर्वीच घातला होता, विलायती झेंड्याच्या चकचकीत खोक्यातून आलेला. घालण्यापूर्वी व्हर्नियरने मोजला होता. माप बिनचूक! माल वाईट. ते व्हर्नियरला दिसत नाही, हे त्या दिवशी मला खंडाळ्यात कळलं.

मिस्त्रींनी बिस्किटाच्या डब्यातून एक काळपट रोटर काढला, भंगारात गेलेल्या टॅक्सीचा. धोतराला पुसला, बसवला. साताऱ्याला जाऊन आलो, त्यानंतर चार पावसाळे गेले, तोच चालू आहे. पैसे घेतले नाहीत, चहाचेही त्यांनीच दिले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन? बरं.

मग एमजीबीचे 1988 पासून जुन्याच डाय वापरून बनलेले नवे सांगाडे, एसयूच्या सुया, सगळं राहिलं. पण एक सांगतो, नाहीतर उद्या पेठेत बोंब होईल की मी डुप्लिकेटची वकिली केली. तसं नाही! ब्रेकच्या रबराला हात लावताना नवं, ताजं आणि खात्रीचंच घ्या. आणि उलटही ऐका. चाळीस वर्षं खोक्यात पडून असलेलं अस्सल ओरिजिनल रबर कुणी फुकट दिलं तरी ब्रेकला लावू नका. रबर खोक्यातही म्हातारं होतं.

हो, थांबतोच. ते रोटर आले का परत? एकच? दाखवा. हा खोक्यातला, फुटका. काळपट कोणाकडे आहे? खिसे बघा हो मंडळी. नाही, चेष्टा नाही, तो मी आत येताना पार्किंगमध्ये गाडीतून काढून आणलाय. तो मिळेपर्यंत आम्हा दोघांना घरी जाता येणार नाही.