आधी बॅटरीचा हिशेब, मग मुलाखत



तुम्ही आता वस्त्यांमध्ये ज्येष्ठांच्या मुलाखती चित्रित करणार आहात, म्हणून आज फक्त बॅटरीबद्दल बोलतो. मी इंजिनिअर असूनही या हिशेबात साफ चुकलो होतो.

जोगेश्वरीत एका खालांची मुलाखत होती. छोटी खोली, एकच प्लग, त्यावर पंखा. कॅमेऱ्यात डमी बॅटरी घालून तो 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर चालवला. कॅमेऱ्याची मूळ बॅटरी 2,280 एमएएचची. सगळा सेट तिच्यावर तासभर चालायचा, म्हणजे ही चार तास पुरेल असं मी धरलं. पावणेदोन तासांत कॅमेरा बंद! तलाकनंतर स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड कसं मिळवलं, ते खाला नेमक्या तेव्हा सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तर तेच त्यांनी चार वाक्यांत संपवलं.

चूक कुठे झाली? व्होल्टेज सारखं असेल तरच एमएएचची तुलना चालते. पॉवर बँकेतले सेल 3.7 व्होल्टचे, कॅमेऱ्याची बॅटरी 7.2 व्होल्टची. म्हणून वॅट-अवर काढा: व्होल्ट गुणिले एमएएच, भागिले 1,000. पॉवर बँक भरली 37, कॅमेऱ्याची बॅटरी 16.4. त्यात व्होल्टेज बदलताना साधारण पाचवा हिस्सा वाया जातो. हाती उरले 30.

आता गरज मोजा. यूएसबी मीटर लावून पाहिलं, तर माझा कॅमेरा 8 वॅट, मॉनिटर 7, माईकचा रिसीव्हर 1, एकूण 16. तीन तासांचे 48 वॅट-अवर. भागिले 0.8, झाले 60. वर पाव हिस्सा राखीव, 75. म्हणजे 20,000 एमएएचची, 74 वॅट-अवरची पॉवर बँक जेमतेम पुरते.

घेताना आउटपुट बघा. कॅमेऱ्याला 9 व्होल्ट लागत असतील तर 5 व्होल्टवाली कामाची नाही. काही कॅमेरे यूएसबीवर फक्त चार्ज होतात, चालत नाहीत. एकटा रिसीव्हर जोडला तर कमी करंटमुळे काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. बीआयएसचा नोंदणी क्रमांक तपासा. फुगलेली बॅटरी वापरू नका. विमानात 100 वॅट-अवरपर्यंतचीच न्या, तीही हातातल्या बॅगेत.

आणि घरी एकदा पूर्ण तीन तास चालवून बघा. बॅटरी दुसरी मिळते. माणूस मनापासून बोलतो, ते बहुतेक एकदाच.