मुतखडा आणि गिरमिट

पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलं हातानं काम करत शिकतात. गिरमिट म्हणजे काय, हे मी इथं सांगायला नको.

हजार वर्षांपूर्वी स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अबुल कासिम अल-झहरावी या शल्यवैद्यानं मूत्रमार्गात अडकलेल्या खड्यासाठी असंच तीनधारी पोलादी गिरमिट सांगितलं. खडा मागं सरकू नये म्हणून त्याच्यामागं दोरा बांधायचा, गिरमिट हलकेच फिरवायचं, चुरा लघवीवाटे बाहेर. आज दुर्बिणीतून लेसरनं खडा फोडतात. फोडून बाहेर काढायचं तत्त्व तेच.

त्याचं नाव आपण अभिमानानं घेतो, पुढचं वाचत नाही. बाई लाजेपोटी वैद्यासमोर येत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. जाणकार स्त्री-वैद्य शोधा, नसेल तर अनुभवी सुईणीला सूचना देऊन तिच्या हातून करून घ्या, असं तो लिहितो. आणि आपल्या घरांत? अम्मी कळ सोसते, पानफुटीचा पाला खाते, मुलीला ‘कुणाला सांगू नको’ म्हणते.

खड्यानं लघवी तुंबली आणि वर थंडीताप भरला, तर काही तासांतही जिवावर बेतू शकतं. त्या रात्री लेडी डॉक्टरसाठी अडून बसू नका. जो डॉक्टर हजर असेल, त्याच्याकडे न्या.