दम्याचे सोंग
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. डॉ. इब्सेन यांच्या सल्ल्याने रोग्यांच्या श्वासनळीत नळी बसवून विद्यार्थ्यांनी रात्रंदिवस हाताने पिशवी दाबली व त्यांचा श्वास चालू ठेवला. पुढे ते काम व्हेंटिलेटर करू लागला. २०२०-२१ च्या कोरोनात त्याने आपल्या मुंबईतही अनेकांचे प्राण राखले.

परंतु या नळीच्या टोकाजवळ हवेचा लहानसा फुगा असतो. त्याचा दाब वाढला किंवा नळी फार दिवस राहिली, म्हणजे श्वासनळीच्या अस्तराला रक्त पोहोचत नाही व जखम होते. जखम भरताना व्रण आवळतो आणि वाट अरुंद होते. हे घरी आल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी कळते.

मानखुर्दला देवनारच्या धुराची ओळख जुनी. त्यामुळे स्टेशनचा जिना चढताना धाप लागली की आपण चटकन ‘दमा’ म्हणतो. पण दम्याची शीळ बहुधा श्वास सोडताना वाजते. येथे श्वास आत घेताना आवाज येतो, आणि दम्याच्या औषधाने उतार पडत नाही.

अशा वेळी डॉक्टरांना आधी सांगावे, ‘यांना नळी घातली होती.’ दुर्बिणीने तपासून वाट रुंद करता येते. जरूर तर अरुंद भाग काढून टोके जोडतात. बसल्या जागी घरघर लागली, तर मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

भगिनींनो, रुग्णालयातून सुटतानाचा कागद रेशनकार्डाइतकाच जपून ठेवा.