बिनइंजिनाची गाडी घ्यावी का?

मोहोळ तालुक्यातल्या एका गटाला कडक भाकरी अन् शेंगाचटणी सोलापुरात पोचवायला गाडी पाहिजे. मारुती ओम्नी २० हजारांत मिळतेय, पण इंजिन नाही. "ताई, इंजिन टाकू की," म्हणतात बाया.

टाकता येतं. ओम्नी २०१९ ला बंद झाली, तरी तिचं ७९६ सीसीचं इंजिन मारुती ८०० च्याच जातीचं. जुन्या बाजारात सापडतं. घोडं अडतं कागदापाशी. आरसीवर चॅसी नंबर असतो, तसा इंजिन नंबरही. दुसरं इंजिन बसवलं की आरटीओत नोंद करावी लागते, अन् तिथं इंजिनाची पावती लागते. म्हणून पहिला प्रश्न हा, की जुनं इंजिन गेलं कुठं? मालक चाचरला तर तिथंच उठा. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरणही बघा. त्याला चालती गाडीच न्यावी लागते.

इंजिन नाही म्हणजे गिअरबॉक्सही चालवून बघता येत नाही. खालच्या पत्र्याचा गंज मात्र वाकून बघाच.

आता हिशेब. सगळं धरून गटातून ६० हजार उचलले, व्याज शेकडा २, तर महिन्याला १,२०० रुपये. गाडी सहा महिने गॅरेजात बसली तर ७,२०० गेले, अन् भाकरी एकही पोचली नाही.

माझं म्हणाल तर आधी पावतीसकट इंजिन ठरवा, मेकॅनिककडून मजुरी लिहून घ्या, मग सांगाड्याचा इसार द्या. आणि गाडी कुणाच्या नावावर, हे बैठकीच्या वहीत आधीच लिहा. गाडी पळायला लागली की भांडणं तिथूनच निघतात.